जात्यातला शंख

औरंगपुऱ्यात, भांड्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी एक दगड गात असे. त्याचं गाणं ऐकायला जिन्यावर इतक्या चपला साचत की खालचा दुकानदार टांगलेल्या कुकरांखालून डोकं बाहेर काढून ओरडायचा, "ओ ताई, माझं दुकान हितंच होतं, जरा दिसू द्या की लोकांना!"

दगड म्हणजे जातं. काळंभोर, खुंट्याला तांबडा गोंडा, अंगभर हळदकुंकू. सागवानी चौरंगावर ते नवरीसारखं बसवलेलं. मागं झेंडूच्या माळा, आणि माळांमागं खुद्द दळणनाथ महाराज. अंगावर पिठाच्या रंगाची कफनी, खांद्याला झोळी, आणि एक हात कायम त्या झोळीत. नामजप चालू असतो म्हणे.

मी पहिल्यांदा गेले ती आत्याच्या मागं मागं, तिला परत आणायला. पण तिथली गर्दी बघून मीच दारात थबकले. बँकेतल्या बायका होत्या, शिकवणीवाल्या होत्या. स्कूटीवरून आलेल्या दोघी हेल्मेट मांडीवर घेऊन हात जोडून बसल्या होत्या.

"मातांनो, भगिनींनो!" महाराज सुरू झाले. "सत्ययुगात धान्य बोलायचं. त्रेतात जातं बोलायचं. द्वापारात बाई बोलायची. आणि कलियुगात? कलियुगात फक्त मोबाईल बोलतो!"

हॉल हळहळला. 

"हे जातं देवगिरीच्या राणीमहालातलं. सातशे वर्षं मुकं होतं. या देहाला दृष्टान्त झाला, या देहानं ते उकरून काढलं. मूठ वैरा आणि ऐका!"

पुढच्या बाईनं मूठभर गहू जात्याच्या तोंडात टाकले. महाराजांनी खुंटा धरून एकच फेरा फिरवला. आणि दगडातून खरोखरच आवाज आला. खोल, घुमणारा, बाईचा आवाज.

देवगिरीच्या राणीनं गं दळलं सोन्याच्या हातानं,
दुखणं-बाणं पळालं गं या जात्याच्या पिठानं.

माझ्या अंगावर काटा आला, ते खोटं कशाला सांगू? पण शाळेत मराठी शिकवण्यात केस पिकलेत माझे. काटा बसता बसता मनात आलं, ओवीत बाईनं भावाची वाट पाहिलेली मला माहीत आहे. सासूचे टोमणे, लेकीचे लाड, माहेरचा रस्ता, सगळं माहीत आहे. ओवीत पिठाची जाहिरात मात्र आज पहिल्यांदा ऐकली.

गाणं संपत आलं तसा लांबून कुठूनतरी, जणू दगडाच्या पोटातून, एक दबका दीर्घ हुंकार उठला. मग दुसरा. मग तिसरा.

"शंख!" पहिल्या रांगेतले दत्तोपंत उभे राहिले. पंत म्हणजे निवृत्त हेडक्लार्क; गेल्या सातशे वर्षांत जगात काही चांगलं घडलंच नाही असं त्यांचं ठाम मत. "यादवकाळात पहाटे दळण संपलं की राणीमहालात तीन वेळा शंखनाद होत असे."

"कशावरून, पंत?" मी विचारलं.

"ऐकू आला ना आत्ता?"

हॉलमधल्या सगळ्या माना खाली गेल्या. आत्याचीसुद्धा.

*

आत्या म्हणजे प्रमोदिनी. वडिलांची धाकटी बहीण. जन्मभर पोस्टात नोकरी केली, एकटी राहिली आणि कोणाचं ऐकलं नाही. गेल्या वर्षी साखर वाढली, तळपाय बधिर झाले. स्वयंपाकघरात वाटी पडून अंगठ्याला जखम झाली, तर तिला कळलीसुद्धा नाही. फरशीवर रक्त दिसल्यावर कळली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गोळ्या वेळेवर घ्या. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल."

आणि आत्यानं गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यामागं टाकून दिला होता. जात्याचं पीठ होतं ना! महाराजांच्या मागच्या खोलीतून पुड्या यायच्या. रोज दोन भाकरी, बाकी सगळं बंद.

"आत्या, अंगठा काळा पडत चाललाय."

"पडू दे. विष बाहेर पडतंय, महाराज म्हणाले."

"महाराज डॉक्टर आहेत?"

"डॉक्टर तरी माझं ऐकतो का? हातात कागद देतो आणि म्हणतो, नेक्स्ट." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "अगं, तुला नाही कळायचं. मी सात वर्षांची असताना आई गेली. तिचा चेहरा आता मला आठवत नाही, फोटोही नाही. पण ती दळताना मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजायचे. तिचं गाणं कानातून नाही, तिच्या हाडांतून ऐकू यायचं. त्या जात्याला कान लावला की तसंच ऐकू येतं. तो आईचाच आवाज आहे."

पुड्या फेकता येतात. कोणाची आई कशी फेकायची?

नंतर हळूहळू समजलं की स्कूटीवाल्या दोघींनाही तो आपापल्या आईचाच आवाज वाटायचा. बँकेतल्या बाईंना आजीचा. महाराजांचं खरं भांडवल दगड नव्हतंच. घराघरांतून जातं गेलं, त्याच्यासोबत पहाटेचा एक आवाज गेला. तो रिकामा कोपरा महाराजांनी बरोबर हेरला होता.

*

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारी संध्या माझी मैत्रीण. तिला सगळं सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती माझ्यासोबत आली, भक्तिभावानं रांगेत उभी राहिली, जात्याला कान लावला. मग लांब साष्टांग नमस्कार घातला तो इतका वेळ, की मागच्या बाया कुरकुरल्या.

खाली चहाच्या टपरीवर आल्यावर ती म्हणाली, "माझे दात वाजले."

"थंडीनं?"

"चौरंगानं. अगं, जात्याला कान लावला तर आवाज दबका. पण नमस्कार करताना कपाळ चौरंगाच्या कडेला टेकलं, तर आवाज मोठा आणि दात झिणझिणले! गाणारा दगड नाही, लाकूड आहे."

तिनं आपला फोन थरथरण्यावर ठेवला, मला त्यावर कॉल लावायला सांगितलं आणि तो हातात धरला. नुसती बारीक घरघर. मग टपरीवाल्याच्या उपड्या पातेल्यावर ठेवला. पातेलं असं किंचाळलं की टपरीवाला म्हणाला, "मॅडम, भांडं फुटंल ना!"

"बघितलंस? नेहमीच्या स्पीकरला आवाजासाठी कागदाचा पडदा असतो, तो थरथरतो. पण बाजारात बिनपडद्याचाही स्पीकर मिळतो. डबीएवढा. ज्याला चिकटवाल त्यालाच थरथरवतो. टेबलाला लावा, टेबल गातं. चौरंगाखाली लावा, चौरंग गातो. आणि महाराजांचा फोन झोळीत."

"मग चल वर, सांगू सगळ्यांना!"

"सांगून कोण ऐकणार? आपण दोघी शहाण्या, आणि ते सातशे वर्षांचं जातं. चौरंगालाच बोलायला लावलं पाहिजे."

"कसं?"

उत्तर मिळालं ते संध्याच्या घरी. तिच्या आई मनकर्णाबाई देवगाव रंगारीहून लेकीकडं आल्या होत्या. पांढरं लुगडं, गळ्यात पोवळ्यांचा सर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि मांडीवर निवडायला घेतलेली मेथी. सगळी हकिगत ऐकून त्या इतक्या हसल्या की मेथी सांडली.

"चौरंगावर जातं? आन् दळायचं कसं गं, उभ्यानं? भुईवर मांडून, एक पाय पसरून बसल्याबिगर जोरच लागत न्हाई. तुमच्या शिकलेल्या बायांपैकी एकीलाबी कसं सुचलं न्हाई?"

खरंच, कोणाला सुचणार? त्या हॉलमधल्या एकीनंही आयुष्यात दळलेलं नव्हतं. जातं आमच्यासाठी पूजेची वस्तू झालं होतं, आणि पूजेची वस्तू चौरंगावरच शोभते.

"आई," संध्या म्हणाली, "येत्या गुरुवारी दळायला येशील?"

"येते की. लई वर्षं झाली. पण एक सांगते, त्या बाबाच्या पाया न्हाई पडायची."

*

गुरुवारी हॉल फुलून गेला होता. आत्या पुढंच बसली होती, पायाला फडकं गुंडाळून. मनकर्णाबाई थेट चौरंगाजवळ गेल्या आणि कंबरेवर हात ठेवून जात्याकडं बघू लागल्या.

"माताजी, मूठ वैरा," महाराज म्हणाले.

"मूठ न्हाई, पायली दळीन म्हणते. मला दळण येतं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. खरोखर दळता येणारी बाई! दत्तोपंतांचे डोळे पाणावले. "वा! याला म्हणतात परंपरा!"

महाराज जरा सावध झाले. "माताजी, आपलं गोत्र?"

"मी देवगावची. दगडाला गोत्र लागतं व्हय?"

"तसं नाही, राणीमहालातलं जातं आहे. त्या सुवर्णकाळात..."

"कोणाच्या सुवर्णकाळात, बाबा?" मनकर्णाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझी सासू सांगायची, तिच्या सासूला पाणी वरून ओतायचे. ओंजळीत. ती पहाटं चार घरची दळणं दळायची आन् तिच्या वाट्याला यायचा कोंडा. त्यो काळ परत आणायलाय का तुम्ही? आणा, पण आमास्नी इचारून आणा."

स्कूटीवाल्यांपैकी एकीनं हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं.

"बरं ते ऱ्हाऊ द्या," मनकर्णाबाई पुन्हा हसल्या. "दळायचंय ना? मग जातं खाली घ्या. भुईवर."

"नाही नाही नाही!" महाराज ताडकन उठले. "जातं चौरंगावरून हललं तर कोप होईल!"

"कोणाचा?"

"राणीचा!"

"राणी का चौरंगावर उभं राहून दळायची?"

इथं आमची सगळी योजना बिनसली असती. पण मदतीला आले दत्तोपंत. इतिहासाचा अपमान त्यांना सहन झाला नाही.

"महाराज, बाईंचं म्हणणं ऐतिहासिकदृष्ट्या रास्त आहे. जातं भूमीवरच मांडत असत. यादवकाळात चौरंगावर दळल्याचा दाखला माझ्या तरी वाचनात नाही. चला रे, हात लावा!"

चार भक्त पुढं सरसावले. महाराज जात्याला मिठी मारायला धावले, पण भक्तांचा उत्साह मोठा. महाराज एका बाजूला, जातं दुसऱ्या बाजूला. "हळू! पाय सांभाळा! जय हो!" करत जातं फरशीवर अंथरलेल्या पोत्यावर टेकलं. मनकर्णाबाई एक पाय पसरून बसल्या. पदर खोचला. खुंट्यावरचा गोंडा काढून बाजूला ठेवला. "हाताला टोचतो बाई." 

"महाराज, गाणं!" गर्दीतून आवाज आला.

"आज... आज राणी रुसली आहे!" महाराजांचा हात झोळीत चाललाच होता. बंद करण्याची धडपड असावी. पण गडबडीत बोट भलतीकडं पडलं.

देवगिरीच्या राणीनं गं!

आवाज इतका मोठा, की पुढच्या रांगेतलं पोर रडायला लागलं. सगळ्यांनी जात्याकडं पाहिलं. जातं गप्प. मनकर्णाबाईंनी त्याला कान लावला, मान हलवली. मग त्यांनी, पाहुण्याला जागा दाखवावी तसा, चौरंगाकडं हात केला.

रिकामा चौरंग गात होता.

झेंडूच्या पाकळ्या त्याच्यावर टणाटण उडत होत्या. कुंकवाचा करंडा नाचत नाचत कडेला आला आणि खाली पडला. डोक्यावरचा दगडाचा भार गेला होता, म्हणून लाकडाचा गळा आता अगदी मोकळा झाला होता. इतका मोकळा, की बाईच्या आवाजामागचं पंख्याचं घुर्र, भांड्यांचा खडखडाट, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. दुखणं-बाणं पळालं गं, या जात्याच्या पिठानं...

आणि मग शंख झाला.

पण हा शंख दबका नव्हता. तो होता तसा आला. फुस्स्स्-शीऽऽऽ!

हॉलमध्ये शंभर बायका होत्या. शंभरही जणींनी जन्मभर तो आवाज ऐकलेला. दुसऱ्या शिट्टीला निम्म्या जणी एकमेकींकडं बघू लागल्या. तिसऱ्या शिट्टीला सवयीनं चार-पाच हात गॅस बारीक करायला पुढं झाले.

मनकर्णाबाईंनी खुंट्यावरचा हात काढला.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "राणीची डाळ शिजली."

पहिलं कोण हसलं ते आठवत नाही. पण हसू जिन्यापर्यंत गेलं आणि खाली दुकानदारानं विचारलं, "काय झालं हो?" वरून कोणीतरी ओरडलं, "काका, तुमचा कुकर राणीमहालात वाजला!"

दत्तोपंत मात्र हसले नाहीत. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मग चौरंगाजवळ जाऊन, गुडघे दुखत असताना खाली वाकले आणि स्वतःच तो उलटा केला. खाली चिकटपट्टीनं लावलेली काळी डबी होती, तिला छोटी बॅटरी. संध्यानं ती ओढून काढली. चौरंग गप्प. तिनं ती हॉलच्या दाराला लावली. दार गायला लागलं. पंतांच्या काठीच्या पितळी मुठीला लावली, मूठ गायला लागली.

"घ्या पंत," संध्या म्हणाली, "आता तुमची काठीपण यादवकालीन."

तेवढ्यात बँकेतल्या बाई मागच्या खोलीतून आल्या. "अहो, इथं गिरणीच्या पिठाचं पोतं आहे! कोपऱ्यावरच्या गिरणीचं, नावसुद्धा छापलंय!"

महाराजांना दार सापडलं होतं, चपला सापडत नव्हत्या. इतक्या चपलांत त्यांची कोणती? शेवटी कुणा बाईच्या गुलाबी चपला घालून त्यांनी जिना उतरायला घेतला, पण खालच्या पायरीवर दुकानदारानं वाट अडवली. मग तिथंच, कुकरांखाली, सगळं बाहेर आलं. नाव राजेंद्र. चितेगावला लग्नाच्या मंडपात साऊंड लावायचा धंदा. आवाज त्याच्या मावशीचा, रेकॉर्डिंग तिच्या स्वयंपाकघरात केलेलं. "शिट्ट्या कापायला सांगितल्या होत्या हो," तो काकुळतीनं म्हणाला, "पण लोक म्हणाले शंख, शंख. मग मी कशाला कापू?"

चमत्काराच्या नावानं फसवायला कायद्यानं बंदी आहे. संध्या त्याच संध्याकाळी तक्रार देऊन आली, आणि साक्षीला पहिलं नाव घातलं दत्तोपंतांनी.

*

पण मला आत्याची काळजी होती. सगळे हसत होते तेव्हा ती हसली नव्हती. गर्दी पांगली तरी ती तिथंच बसून होती, मुक्या जात्यासमोर.

"तो आईचा आवाज नव्हता," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, कोण जाणे.

मनकर्णाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. त्यांनी मूठ वैरली आणि खुंटा ओढला. जातं खरोखर घरघरायला लागलं, आणि त्या घरघरीवर त्यांचा थकलेला, चिरका, खरा आवाज चढला.

माझी गं सासूबाई पहाटं दळायची,
गिरणी आली गावा, तवा कुठं निजायची.

दळण दळिते बाई हात माझा जात्यावरी,
माझ्या गं लेकीचं नाव शाळंच्या फळ्यावरी.

संध्यानं मान दुसरीकडं वळवली.

मला वाटलं, हेच तर आहे. ओवी कधी एका काळात गोठून बसली नाही. बैलगाडीच्या काळात ती बैलगाडीतून माहेरी गेली, एसटी आली तर एसटीत बसली. गिरणी आली तेव्हा तिनं गिरणीलाच दुवा दिला. ज्या बाईच्या हातांना दळून घट्टे पडतात ती जुन्या काळाला सोन्याचा म्हणत नाही. सोन्याचा म्हणतो तो, ज्याला दळावं लागलं नाही. आणि भोंदू? तोही काळाबरोबर चालतो, आपल्यापेक्षा भराभर. आजीच्या वेळी त्याच्याकडं लिंबू आणि टाचणी होती. आज त्याच्याकडं बॅटरीवरची डबी आहे. कलियुगात फक्त मोबाईल बोलतो, हे त्याचं एक वाक्य शंभर टक्के खरं निघालं.

मनकर्णाबाईंनी पाय जरा आखडून समोर जागा केली. "या बाई, बसा. जात्यावर एकटीनं बसत न्हाईत. एकीनं ओळ टाकायची, समोरचीनं उचलायची."

"मला नाही येत," आत्या म्हणाली.

"मला तरी कोण शिकिवलं? धरा खुंटा."

आत्यानं जखमेचा पाय पसरला, खुंट्यावर हात ठेवला. दोघींचे हात एकावर एक. मनकर्णाबाईंनी तिच्या अंगठ्याच्या फडक्याकडं एकदा बघून घेतलं आणि ओळ टाकली.

साखर गं वाढियेली, पाय झाले मुके मुके...

आणि थांबल्या. जातं फिरत राहिलं. एक फेरा, आणखी एक. त्या खुशाल थांबल्या होत्या. चौरंगाखालची डबी अशी कधी थांबली नसती. तिला समोर कोण बसलंय याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आत्याचे ओठ हलले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही येत होतं.

गोळी मी घेते बाई, नको रागाऊ इतुके!

"आता कसं!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता तुमची आई आली बघा. जात्यातनं न्हाई. तोंडातनं."

*

आत्याचा अंगठा वाचला. जखम भरायला दिवाळी उजाडली, पण वाचला, आणि तो वाचवला रोजच्या ड्रेसिंगनं, गोळ्यांनी आणि त्या 'नेक्स्ट' म्हणणाऱ्या डॉक्टरनं.

तुमच्याही गल्लीत उद्या काहीतरी गायला लागेल. दगड गाईल, फोटो गाईल, राख गाईल. ऐकायला जरूर जा, अंगावर काटा आला तरी लाजू नका. फक्त जिना उतरण्याआधी एवढं करा. ते जिथं मांडलंय तिथून उचलून खाली ठेवा. त्याला एखादी नवी ओळ टाकून बघा. आणि "हात लावू नका, कोप होईल" असं कोणी म्हणालं, तर तिथंच आधी हात लावा. जे खरं आहे त्याला तपासल्याचा राग येत नाही. आणि आजारपणात डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका, आई आठवली तरी सोडू नका. कुठल्याही आईला ते आवडणार नाही.

आत्याकडं हल्ली जेवायला गेलं की एक गंमत दिसते. कुकरची तिसरी शिट्टी झाली की जुन्या सवयीनं तिचे हात आपोआप जोडले जातात. मग ती स्वतःशीच फिस्सकन हसते, जोडलेले हात सोडते, आणि देव्हाऱ्यामागून नव्हे, आता ओट्यावरच ठेवलेल्या डब्यातून गोळी काढते.

"शंख झाला गं," ती मला हाक मारते, "पानं घे!"